रांगेचं शेपूट

पैज लागली ती कचऱ्याचे डबे बाहेर काढताना. गुरुवारी सकाळी मी माझा डबा ढकलत फाटकाबाहेर आलो, तर समोर बेरिल उभी. केसांत रोलर, पायात नवऱ्याच्या सपाता. बेरिल म्हणजे आमच्या ब्रॅकनशॉ टाउन क्लबाच्या मैदानावरची मुख्य सुरक्षारक्षक. पिवळं जाकीट घालून चाळीस जणांची फौज हाकते, घरी नवऱ्याला हाकते, मधल्या वेळात मला.

"क्लाइव्ह्या, शनिवारी जिंकलो तर मैदानात उतरायचं नाही हां!"

"मी काय केलंय?"

"गेल्या वर्षी कोंबडीचा वेष घालून मैदानाच्या मधोमध अंडं घातलंस."

"उकडलेलं होतं गं!"

ती हसली नाही. एरवी हसते. आज नाही, कारण गेल्या वर्षी माझ्यामागून हजारभर माणसं कुंपणाच्या भिंतीवरून उतरली होती, आणि तिथल्या अरुंद फाटकात एका बाईच्या खांद्याचं हाड मोडलं होतं. अंड्याची गोष्ट मी सगळ्यांना रंगवून सांगतो. हाडाची सांगत नाही.

"नगरपालिकेचं पत्र आलंय," बेरिल म्हणाली. "पुन्हा गर्दी गवतावर दिसली, तर गिरणीकडच्या पायऱ्या बंद. तिथे खुर्च्या लावणार."

माझ्या हातून डबाच सुटला. गिरणीकडच्या पायऱ्या म्हणजे आमची उभं राहायची जागा. खांद्याला खांदा, हातात गरम चहा, वरून पावसाची भुरभुर. बसून फुटबॉल बघणारा एकतर आजारी असतो, नाहीतर स्कार्सडेनचा. आणि शनिवारी सामना स्कार्सडेनशीच होता. अकरा वर्षांत त्यांना आम्ही एकदाही हरवलेलं नव्हतं.

"जिंकलो तर लोक थांबणार नाहीत, बेरिल. तुझ्या बापालाही थांबवता येणार नाहीत."

"एकही पाय गवतावर पडणार नाही."

"पैज?"

"पैज! आणि तुझा पाय मोजायचा नाही. स्वतःच उडी मारून जिंकशील, ओळखून आहे मी तुला."

ठरलं असं: ती हरली तर माझ्या कोंबडीच्या वेषात मंगळवारचा बाजार फिरायचा. मी हरलो तर त्याच बाजारात स्कार्सडेनचा जांभळा शर्ट घालून, मासळीवाल्याच्या खोक्यावर उभं राहून तीनदा ओरडायचं, 'स्कार्सडेनसारखा संघ नाही.'

"मी साक्षीदार!" वरच्या खिडकीतून आवाज आला. विल्फकाका. वय अठ्ठ्याहत्तर, कान साठ वर्षांच्या माणसाचे, दुसऱ्यांच्या भानगडींसाठी तर विशीतले.

शनिवारी एकोणनव्वदाव्या मिनिटाला आमच्या कप्तानाने गोल केला. केला म्हणजे काय, तो पाठमोरा होता आणि चेंडू त्याच्या ढुंगणाला लागून आत गेला. गेला ना? मग झालं. पुढची पाच मिनिटं कोणी श्वास घेतला नाही. शिट्टी वाजली आणि दोन हजार माणसं एकदम वेडी झाली.

मी सगळ्यात खाली, भिंतीला चिकटून. बेरिल कोंबडीच्या वेषात कशी दिसेल याचा विचार करत खुदखुदत होतो. वरच्या पायऱ्यांवरचे लोक खाली लोटायला लागले. त्यांना काय दिसतंय? समोर हिरवं गवत, खाली नाचणारी डोकी.

सहज उजवीकडे बघितलं. विल्फकाका लोखंडी आडव्या दांड्यावर दाबले गेले होते. तोंड उघडं. मला वाटलं गातायत. मग लक्षात आलं, ते हवा शोधतायत.

"मागे सरका!" मी ओरडलो. सगळ्यांनी ओरडून बघितलं. वर नुसतं गाणं चाललेलं, कोणाला काय ऐकू येणार?

भिंतीपलीकडे बेरिल. हात फाटकाच्या कडीवर. कोणी चेंगरायला लागलं तर फाटक उघडायचं, हा तिचा पहिला नियम. मग पायऱ्या जावोत नाहीतर राहोत. पण त्या फाटकातच तर गेल्या वर्षी हाड मोडलं होतं. आमची नजरानजर झाली. तिचा चेहरा पांढराफटक. मी दहा बोटं दाखवली, दहा सेकंद दे.

आता आमच्या इंग्रज माणसाला आईवरून शिवी द्या, ढिम्म हलणार नाही. पोलिसाने दम दिला तर त्याच्यावर गाणं रचेल. पण एका गोष्टीला तो जन्मभर भितो. मी दांड्यावर चढलो, नाक फुगवलं आणि माझ्या दिवंगत सासूच्या सुरात ओरडलो,

"ओ! रांग आहे इथे!"

समोरचा एक धटिंगण, मानेवर गोंदलेला वाघ, जागच्या जागी थिजला.

"रांग?"

"मग काय! ही माणसं कधीची उभी आहेत, तुम्ही खुशाल पुढे घुसताय?"

"सॉरी हं," तो लाल होत म्हणाला. "दिसलीच नाही. शेपूट कुठंय?"

"वर! चहाच्या खिडकीपाशी!"

तो वळला. वळताना मागच्याला म्हणाला, "रांग आहे, बाबा." त्याने त्याच्या मागच्याला. बातमी पायरीपायरीने वर चढली. वरच्यांनी विचार केला, आपण तर शेपटाच्या जवळच आहोत, नंबर लवकर लागेल. आणि सगळे चहाच्या खिडकीकडे पळाले. खालचा दाब दोरी कापल्यासारखा सुटला.

विल्फकाकांनी छाती भरून श्वास घेतला. एक, दोन, तीन. मग पहिलं वाक्य:

"कसली रांग आहे रे?"

"माहीत नाही, काका."

"बरं. मी कितवा?"

बेरिलने कडीवरचा हात काढून माइक धरला. आवाज बर्फासारखा. "रांगेतल्यांनी डाव्या जिन्याने खाली यावं. मध्ये घुसणाऱ्याला परत शेवटी पाठवण्यात येईल."

आता रांगेला काहीतरी कारण हवंच. तिने कप्तानाला दंडाला धरून भिंतीपाशी आणलं. त्याच्यामागे सगळा संघ आला. भिंतीच्या अलीकडून एकेकाने हात मिळवायचा आणि उजव्या जिन्याने वर जायचं. पाऊण तास चाललं. माणसं गातही होती, पण रांगेतच. जो तो कप्तानाला सांगत होता, तुझ्या ढुंगणाचा पुतळा उभारू. नगरपालिकेची बाई वही घेऊन गवताच्या कडेने दोनदा फिरली, मग वही पर्समध्ये टाकली आणि बेरिलला म्हणाली, "पायऱ्या राहू देत तशाच. आणि या रांगेचं शेपूट कुठंय हो?"

मी शेवटचा डाव टाकून बघितला. "बेरिल, रेफ्रीचे पाय मोजायचे का?"

"शर्ट धुऊन इस्त्री करून ठेवलाय," ती म्हणाली. तेव्हा कुठे हसली. मग पिवळ्या बाहीने डोळे पुसले आणि मला असा गुद्दा घातला की दंड दोन दिवस दुखत होता.

मंगळवारी बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. जांभळा शर्ट दोन मापं लहान, माझं पोट खालून बाहेर. मासळीवाल्याने खोकं दिलं, वर म्हणाला, "भाडं नको, फक्त तोंड इकडे करून ओरडू नकोस, मासे नासतील."

"स्कार्सडेनसारखा संघ नाही!"

"एक!" विल्फकाका, अगदी समोर, काठी आपटत.

"स्कार्सडेनसारखा संघ नाही!"

"दोन!" आता सगळा बाजारच मोजायला लागला. कुठूनतरी एक टोमॅटो आला.

"ऐकू येत नाही रे, क्लाइव्ह्या!" बेरिल शिट्टी वाजवून म्हणाली. "गिरणीपर्यंत जाऊ दे!"

मी पोट आत घेतलं, हात पसरले आणि माझ्या त्रेपन्न वर्षांच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं खोटं, गिरणीच्या भिंतीवरून परत ऐकू येईल इतक्या जोरात, आनंदाने ओरडलो.