जड सामान पुढे

ज्याला चूल एकट्याने ट्रेलरमध्ये चढवता येत नाही, त्याने त्या वर्षी शिकारीला डोंगरावर यायचं नाही, असा थर्मनच्या घरचा नियम होता. तंबूत पेटवायची ती चूल जाड पोलादी पत्र्याची, त्याच्या वडिलांनी स्वतः वेल्डिंग करून बनवलेली, आणि वजनाला धष्टपुष्ट मेंढीएवढी. नियम वडिलांचाच. थर्मन त्याचं कारण असं सांगायचा की मोन्टानाच्या डोंगरात ऑक्टोबरातच बर्फ पडतं, मारलेलं एल्क हरीण खांद्यावरून खाली आणावं लागतं, आणि एकाने कंबर धरली की बाकीच्यांची शिकार बोंबलते.

सहा-सात वर्षांपूर्वी त्याने हा नियम थोरल्या भावाला, ओडेलला, लावला होता. तोही अंगणात, सगळ्यांसमोर. ओडेलने चूल गुडघ्यापर्यंत उचलली, परत खाली ठेवली, टोपी घातली आणि गाडीत बसून निघून गेला. तेव्हापासून भाऊ चर्चच्या दारात भेटले की थंडी पडली, हो पडली, एवढंच बोलत. थर्मनला वाईट वाटलं नव्हतं असं नाही. पण नियम म्हणजे नियम, असं म्हणून त्याने ते गिळून टाकलं होतं.

आता त्याची स्वतःची पाळी आली होती. उन्हाळ्यापासून त्याच्या उजव्या खांद्यात जोर राहिला नव्हता, आणि हे त्याने कुणालाही कळू दिलं नव्हतं. डोंगर सुटला तर वर्षभर वाट बघावी असं त्याच्याकडे दुसरं काही उरत नव्हतं.

तयारी मात्र त्याने दरवर्षीच्याच धडाक्यात काढली. ट्रेलरच्या बेअरिंगमध्ये ग्रीस भरलं, दिव्यांच्या तारा तपासल्या, पाण्याचे कॅन आणि मांसाच्या कापडी पिशव्या मोजून घेतल्या. गाडी आणि ट्रेलरच्या जोडणीखालच्या साखळ्या एकमेकींवरून तिरक्या अडकवल्या, म्हणजे जोडणी निसटलीच तर ट्रेलरची दांडी रस्त्यात न रुतता साखळ्यांच्या झोळीत पडेल. मुलगी रोंडा हाताखाली होती. डोळे अधू झाल्यामुळे थर्मनने गाडी तिच्याकडे सोपवली होती, पण शिकवणं काही सोडलं नव्हतं. जड सामान कुठे, असं तो पाढे विचारावेत तसं विचारायचा, आणि पन्नाशीला टेकलेली ती बाई मुकाट्याने उत्तर द्यायची, की चाकांच्या पुढे. मागे वजन गेलं तर ट्रेलर उतारावर शेपूट हलवायला लागतो आणि शेवटी गाडीलाच रस्त्याबाहेर ओढून नेतो.

मग त्याने तिला कॉफीचा थर्मास भरायला आत पिटाळलं. फळी लावून, गुडघ्याने रेटत, चूल कशीबशी ट्रेलरच्या मागच्या कडेवर नेली. तिथून पुढे सरकवायला खांद्याने साफ नकार दिला. रोंडाची पावलं वाजली तसं त्याने चुलीवर तंबूचं कापड फेकलं आणि दाराला कडी घातली. चूल चढवली का, असं तिने विचारलं, तर तो हो म्हणाला. ते खोटंही नव्हतं. एवढ्याशा आधारावर माणूस स्वतःची बरीच समजूत घालू शकतो.

चढावर सगळं ठीक चाललं. उतार लागला आणि पहिल्या लांब वळणानंतर गाडीच्या मागच्या बाजूला हिसका बसला. मग दुसरा, त्याहून मोठा. आरशात ट्रेलर एकदा डावीकडे दिसला, एकदा उजवीकडे. ब्रेकवर पाय देऊ नकोस, ट्रेलर आणखी हेलकावेल, असं ओरडायला थर्मनने तोंड उघडलं. रोंडाने ब्रेकला पाय लावलाच नाही. एक हात स्टिअरिंगवर घट्ट ठेवून तिने डॅशबोर्डखालची छोटी कळ दाबली, नुसत्या ट्रेलरच्या ब्रेकची. ट्रेलर ताणला गेला, डोलत डोलत सरळ झाला. तिने रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत गाडी घेतली आणि मागे गेली.

थर्मन पोहोचला तेव्हा तिने कापड बाजूला केलं होतं.

"पुढे ढकलता आली नाही मला," तो म्हणाला. "गाडी फिरव, रोंडा. मला घरी सोड. माझ्यासाठी नियम वेगळा नाही."

"आत्ता मेलो असतो आपण दोघं. त्या नियमापायी." तिने चुलीची एक कड धरली. "धरा तिकडून."

"एकट्यानेच चढवायची असते ती."

"आजोबा एकटेच जायचे डोंगरावर, बाबा. त्यांच्या जोडीला होतं कोण हात लावायला?"

इतकी वर्षं थर्मनने नियम पाळला, दुसऱ्यांवर लादला, आणि ही साधी गोष्ट त्याच्या डोक्यातच आली नव्हती. त्याने डाव्या हाताने कड धरली. दोघांनी मिळून चूल पुढे नेली, पट्ट्यांनी आवळून बांधली. काम इतकं सोपं झालं की त्याला रडू आलं. रोंडाने ते पाहिलं आणि ती पट्टे पुन्हा तपासत बसली.

घाटाच्या पायथ्याशी ओडेलचं घर होतं. थर्मनने तिथे थांबायला सांगितलं. ओडेल काठी टेकत फाटकापर्यंत आला, आधी भावाकडे न बघता त्याने जोडणीकडे, साखळ्यांकडे बघून घेतलं.

"येतोस का, दादा?" थर्मनने विचारलं. "मी न्यायला आलोय."

"आता नाही रे जमायचं. रात्री पलंगावरून उठायलाही माणूस लागतो मला." ओडेलने ट्रेलरच्या दाराच्या फटीतून आत डोकावून पाहिलं. "चूल कुणी चढवली?"

"हिने आणि मी. दोघांनी मिळून."



"मग त्या वर्षी तसं आपल्यालाही जमलं असतं की," ओडेल म्हणाला.