बेस थोडा वाढवू का?

"बेसच्या बटणाला कोणी हात लावला?"

पाण्याचा ट्रे टीपॉयवर आदळत डेमोवाल्याने विचारलं. समोर त्याच्या दुकानाचे मालक आणि मालकीणबाई घरी पाहुणे म्हणून येऊन बसलेले. हात कोणाचा ते उघडच होतं. त्याची बायको अजून ॲम्प्लिफायरपाशीच उभी होती.

"मीच. जरासा वाढवला," ती म्हणाली.

स्पीकरच्या दुकानात गिऱ्हाइकांना गाणी ऐकवता ऐकवता त्याचे केस पिकले होते, आणि कानाचा तोरा केसांहून जुना होता. बेस वाढवणारा माणूस त्याच्या लेखी कामातून गेलेला. त्याने बटण उलटं फिरवलं. धुमधुम थांबली, गाणाऱ्या बाईचा आवाज तेवढा उरला.

"जन्म गेला माझ्याबरोबर, पण हिचा कान काही तयार झाला नाही, साहेब!"

मालक पोट धरून हसले. बायकोही हसली, पण सगळ्यांकडे बघून, जरा उशिरा.

"वहिनी, बाथरूम कुठे आहे?" मालकीणबाईंनी उठून तिच्या मागून विचारलं. उत्तर नाही. पुन्हा विचारलं. शेवटी त्यांनी खांद्याला हात लावला, तशी ती केवढ्याने दचकली.

"अगोबाई, मला म्हणालात?"

स्पीकरची वायर बदललेली ज्याला डोळे मिटून, नुसत्या आवाजावरून कळायची, त्या डेमोवाल्याला घरातलं एवढं कळलं नव्हतं.

पाहुणे गेल्यावर त्याने तिला समोर बसवलं.

"कधीपासून?"

"झाली की वर्षं. बारीक आवाज गेलेत. त्या बाईचं गाणं मला ऐकूच येत नाही. खालचं धुमधुम तेवढं येतं, त्याच्यावरून ओळखते कुठलं गाणं ते."

"मग मला सांगायला काय झालं होतं?"

"तुम्ही कानावर पोट भरता. तुमचीच बायको बहिरी म्हटल्यावर लोक काय म्हणतील?"

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिला जेवढं ऐकू येत होतं, नेमकं तेवढंच तो रोज उठून बंद करत आला होता. वर चारचौघांत तिचं हसंही करत होता.

तो उठला. बेस पार टोकापर्यंत फिरवला आणि तोंड दाखवायला नको म्हणून तिच्याकडे पाठ करून गाणं शोधत राहिला.

"तुझ्या आवडीचं लावू का गं?" पाठमोऱ्यानेच त्याने विचारलं.

"येतंय, येतंय," ती घाईघाईने म्हणाली. "अगदी स्वच्छ येतंय."

त्याने गाणं अजून लावलंच नव्हतं.