आतून तुटलेली कांडी

"ओरखडा असणार," चहात बिस्किट बुडवत ऑर्मरॉड म्हणाले. "पॉलिश करताना राहून गेला असेल. चालायचंच."

मेनिर प्रॉबर्टचा कप हातातच राहिला. टेबलावर टायटॅनियमच्या मिश्रधातूची बोटभर कांडी दोन तुकडे होऊन पडली होती. विमानाच्या इंजिनातल्या चकत्या याच धातूच्या. कांडीवर ताण द्यायचा, दोन मिनिटं धरून ठेवायचा, सोडायचा, पुन्हा द्यायचा. असं वीस हजार वेळा ती सोसेल असा अंदाज होता. सहा हजारांतच तिने मान टाकली. मेनिरच्या पीएच.डी.चा खर्च इंजिनवाली कंपनी करत होती आणि तो पुढे चालू ठेवायचा का, हे कंपनीच्या वतीने ऑर्मरॉड आज ठरवणार होते.

मेनिर सत्तेचाळीस वर्षांची. वेल्समधल्या स्वान्सीच्या याच प्रयोगशाळेत एकोणीस वर्षं तिने दुसऱ्यांच्या कांड्या घासून दिल्या. त्यावर चौदा जण डॉक्टर झाले. सगळ्यांनी प्रबंधात तिचे आभार मानले, एकाने चुकीच्या नावाने. मग संध्याकाळच्या वर्गांतून पदवी घेऊन ती स्वतःच या वाटेला लागली.

"ओरखडा नाहीये," ती म्हणाली. "कांडी आतून तुटलीय."

"तुम्ही बघितलंत?"

"नाही अजून. पण पॉलिश मी केलंय ना!"

गेथिन खाकरला. तो तिचा मार्गदर्शक, तिच्याहून तेरा वर्षांनी लहान. "मेनिर, आधी बघू या, मग भांडू या. काय?"

"भांडतंय कोण? चहा पितेय मी!"

तुकडा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये ठेवला. आतली हवा काढून घ्यायला पाचेक मिनिटं लागतात. बोलून तर बसली, पण आता मेनिरला एक आठवलं. ही कांडी घासत असताना नवऱ्याचा, एल्विनचा फोन आला होता. स्वयंपाकघरातला नळ गळतोय म्हणून. तेव्हा हात घसरला तर नसेल?

पडदा उजळला. कडेचा भाग आरशासारखा स्वच्छ होता. गेथिन चित्र हळूहळू आत सरकवत गेला आणि थांबला. पृष्ठभागाच्या बऱ्याच खाली एक सपाट, चकचकीत जागा होती. एरवी हवे तिकडे वळलेले धातूचे कण तिथे सगळे एकाच दिशेला तोंड करून बसलेले. भेग तिथूनच निघाली होती.

"अगंबाई, संप केलाय यांनी!" मेनिर म्हणाली. गेथिन खो खो हसला.

ऑर्मरॉड हसले नाहीत. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.

"असे पुंजके आमच्या चकत्यांतही असतील?"

"असू शकतात. वरून कितीही घासा, दिसायचे नाहीत. कुठे आणि का होतात, तेच मला शोधायचंय."

"मग शोधा. पुढच्या वर्षांच्या खर्चाला होकार मी आजच कळवतो." ते थोडे अडखळले. "आणि ते ओरखड्याचं... माझं चुकलं, बाई."

"अहो, मीसुद्धा आत्ता पाच मिनिटं तेच म्हणत होते मनात!"

ऑर्मरॉड खळखळून हसले. पाचची गाडी सुटायला आली होती, तरी ते निघेनात. उठून त्यांनी आपली खुर्ची मेनिरकडे सरकवली. "बसा. अगदी पहिल्यापासून सांगा."

मेनिर बसली. घासून घासून तिच्या बोटांवरचे ठसे पुसट झाले होते. तीच बोटं पडद्यावरच्या एकेका कणावर टेकवत ती सांगू लागली, आणि ऑर्मरॉड उभ्याउभ्याच वहीत उतरवून घेऊ लागले.