कारण विचारायचं नाही

घरगाडी घेऊन कुठे जायचं हे ठरवायची आमची एक पद्धत आहे, आणि ती सांगितली की आमची लेक कपाळावर हात मारून घेते. पानगळ संपत आली की वर्षातली शेवटची सहल. तिथून परतलो की गाडीतलं पाणी काढून टाकायचं, नळ कोरडे करायचे, वरून ताडपत्री ओढायची आणि गाडी वसंतापर्यंत अंगणात भिंतीला लावून ठेवायची. म्हणून ही सहल कुठे काढायची ते आम्ही दोघं एका दुपारी त्या गाडीतच बसून ठरवतो. घडीचं टेबल उघडायचं, नकाशा पसरायचा आणि माझा बटणांचा डबा आणायचा. मी शिवणकाम करते, त्यामुळे आमच्याकडे दुसरं काही सापडलं नाही तरी बटणं सापडतात. चार काळी, कोटाची, ती यांची. चार पांढरी, शर्टाची, ती माझी. ज्याला जिथे जावंसं वाटतं तिथे त्याने आपलं बटण ठेवायचं. मग पाळीपाळीने एकेक उचलायचं, आपलं किंवा समोरच्याचं. शेवटी ज्या गावावर बटण उरेल तिथे जायचं.

नियम एकच, बटण का उचललं हे विचारायचं नाही. पहिल्या वर्षी आम्ही कारणं विचारली होती आणि एका धरणावरून असा अबोला धरला की सहलभर मीठ मागायलासुद्धा कुणी तोंड उघडलं नाही. तेव्हा हा नियम मीच केला. माझ्या जिभेला हाड नाही हे मला चांगलं ठाऊक आहे.

यंदा मात्र नकाशा पसरताना मी गावं बघत नव्हते, यांच्याकडे बघत होते. जाताना दोघं जाऊ आणि येताना मी एकटी येईन, ही भीती मला उन्हाळ्यापासून लागली होती. उगाच नाही. यांच्या पँटी मी कमरेत एकदा आत घेतल्या, मग पुन्हा घेतल्या. शिवणाऱ्या बायकोला नवऱ्याचं वजन बघायला काटा लागत नाही. डोळ्यांखाली काळं आलं होतं. पेपर वाचता वाचता मान पडायची, जेवताना घास हातात धरून बसायचे. हाक मारली की दचकायचे. काय होतंय विचारलं की वय होतंय म्हणायचे आणि विषय बदलायचे.

हे जन्मभर लिफ्ट दुरुस्त करत आले. निवृत्त झाले तरी कुठल्याही इमारतीत शिरलं की आधी कान टवकारतात, मोटरचा आवाज ऐकतात आणि मग मान हलवतात, डॉक्टरने नाडी बघावी तशी. बोलणं कमी, पण मला चिडवायचं म्हटलं की जीभ सैल सुटते. माझ्या घोरण्याला जुनी मालवाहू लिफ्ट म्हणायचे. त्या घोरण्यापायीच आम्ही काही वर्षांपासून वेगळ्या खोल्यांत झोपतो. मी पुढच्या खोलीत, शिलाई मशीनशेजारच्या दिवाणावर, आणि हे आत. एकमेकांशेजारी झोपतो ते फक्त घरगाडीत, कारण तिथे दुसरी खोली आणणार कुठून. पण गेल्या वसंतातल्या सहलीवरून आलो आणि मालवाहू लिफ्ट बंद पडली ती पडलीच. एकदासुद्धा चिडवलं नाही. माणूस चिडवायचं सोडतो तेव्हा आतून काहीतरी पोखरत असतं, असं मला वाटलं.

आणखीही गोष्टी होत्या. सकाळी उठून दार उघडलं की स्वयंपाकघरातली खुर्ची माझ्या दारासमोर असायची. मोजे घालायला बसलो होतो, म्हणायचे. मोजे घालायला एवढ्या लांब कशाला यावं लागतं, ते कळत नव्हतं. मग मागच्या आठवड्यात टायरमध्ये हवा भरायला घरगाडी घेऊन निघालो, तर सिग्नलला गाडी उभी असतानाच यांचा डोळा लागला. मागच्या ट्रकवाल्याने हॉर्न दाबला तेव्हा जागे झाले. घरी येईपर्यंत माझी पाचावर धारण बसली होती. हा माणूस मला घेऊन डोंगरातून जाणार होता.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे तो फोन. मी एका गिऱ्हाइकाच्या कोटाची कड टाचत होते, तोंडात टाचण्या होत्या. हे बाहेर खाली आवाजात बोलत होते. म्हणाले, तिला अजून काही सांगितलेलं नाही डॉक्टर, कळलं तर फार घाबरेल, तिथे आल्यावरच सांगू. टाचण्या गिळल्या नाहीत हे नशीब. लेकीला मी फोन केला तर ती म्हणाली, आई, हात धरून ने बाबांना डॉक्टरकडे. जणू यांचा हात धरून कुणी यांना कधी कुठे नेलं आहे.

तर असे आम्ही समोरासमोर बसलो. बाहेर ऊन होतं, पण त्यात दम नव्हता. मी माझी बटणं भराभर ठेवली. गरम झऱ्यांचं गाव, जंगलातलं तळं, होडीने जायचं बेट आणि विणकरांचं गाव. विणकरांच्या गावी हातमागावरचं लोकरी कापड मिळतं आणि ते बघायचं मी कितीतरी वर्षं म्हणत होते. यांनी घाटाच्या माथ्यावर एक बटण ठेवलं, धरणावर एक, दीपगृहावर एक. आणि चौथं ठेवलं ते सिमेंटच्या कारखान्याच्या शहरावर. तिथे बघण्यासारखं काय, तर धूळ. मला वाटलं, चेष्टा करतात. जरा बरंही वाटलं.

पहिली पाळी बटणांच्या मालकिणीची. मी घाटाचं उचललं, मला उंचावर गरगरतं. यांनी गरम झऱ्यांचं उचललं. मी धरण काढलं, जुना राग. मग यांनी हात पुढे केला आणि दीपगृहावरचं स्वतःचंच काळं बटण उचलून खिशात टाकलं.

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. दीपगृह यांचा जीव की प्राण. त्याची वरची मोटर कशी फिरते ते आत जाऊन बघायचं, हे घरगाडी घेतली तेव्हापासूनचं वेड. दरवर्षी मी ते बटण उडवते आणि दरवर्षी हे तोंड पाडतात. यंदा मी ते मुद्दाम शिल्लक ठेवलं होतं, यांना एकदा ते बघू दे म्हणून. एकदा, म्हणजे काय ते मी मनातसुद्धा पुरतं म्हटलं नव्हतं.

आता माझी पाळी होती. माझा हात सवयीने सिमेंटच्या शहराकडे गेला. तेवढ्यात यांच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं. हे श्वास रोखून त्या बटणाकडे बघत होते. आणि मला आठवलं, त्या शहरात धूळ आहे, कारखाना आहे, आणि या सगळ्या भागातलं सर्वांत मोठं हॉस्पिटल आहे. दीपगृहापासून तर साधा दवाखानासुद्धा तासभर लांब. म्हणजे मला वाटत होतं ते खरं होतं. यांना काहीतरी मोठं झालं आहे आणि हे सहलीच्या नावाखाली मला तिथे नेणार आहेत, मी घाबरू नये म्हणून.

मी हात वळवला आणि बेट उचललं. यांनी लगेच तळं काढलं. राहिलं विणकरांचं गाव आणि सिमेंटचं शहर. शेवटची पाळी माझी. माझा त्या लोकरी कापडावर जीव होता, खोटं कशाला बोलू, पण ते पांढरं बटण मी उचललं आणि डब्यात टाकलं. उरलेल्या एकट्या काळ्या बटणाकडे बघून यांनी सुस्कारा सोडला, जड ट्रंक खाली ठेवावी तसा. त्या सुस्काऱ्याने माझा धीर सुटला.

नियम माझा होता, मोडलाही मीच. म्हटलं, "कारण सांगा."

हे म्हणाले, विचारायचं नाही असं ठरलंय. मी म्हटलं, ठरलेलं गेलं खड्ड्यात. फोन मी ऐकला आहे, पँटी मी आत घेतल्या आहेत, सिग्नलला काय झालं ते मी बघितलं आहे. काय झालंय तुम्हाला, हृदय का आणखी काही, ते मला आत्ता सांगा, हॉस्पिटलच्या दारात नको. बोलता बोलता मला रडू आलं. मला एकटीला या गाडीत बसून परत यायचं नाही, असंही मी म्हटलं. हे माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी भलत्याच माणसाबद्दल बोलत होते.

"मला काही झालेलं नाही," हे म्हणाले.

"मग कुणाला?"

हे नकाशाची घडी हाताने सपाट करत राहिले. आणि यांनी न सांगताच मला ते कळलं. आमच्या घरात दुसरं होतंच कोण?

"तू थांबतेस," ते शेवटी म्हणाले. "झोपेत. घोरणं चालू असतं, मग एकदम बंद. श्वासच नाही. मी वाट बघतो. वाटतं, आता संपलं. मग तू धाप टाकतेस आणि पुन्हा सुरू होतेस. पुन्हा थांबतेस."

वसंतात, याच गाडीत, त्यांना ते पहिल्यांदा नीट ऐकू आलं होतं. आवाज करणाऱ्या मोटरला मी कधी भ्यालो नाही, म्हणाले, जी गप्प होते तिला भितो. तेव्हापासून ते धड झोपले नव्हते. घरी आल्यावर खुर्ची घेऊन माझ्या दाराशी बसायचे आणि ऐकायचे. फारच वेळ आवाज आला नाही तर दारावर टिचकी मारायचे, म्हणजे मी कूस बदलायचे. दिवसा ते जेवणाच्या ताटावर पेंगत होते ते त्यामुळे. त्या शहरातल्या हॉस्पिटलात झोपेचे डॉक्टर होते, त्यांची वेळ यांनी घेऊन ठेवली होती. रात्रभर तारा लावून झोपवतात, म्हणाले, तपासतात. उपाय आहे, पण बघितलं पाहिजे. दुर्लक्ष केलेलं चालणार नाही असं डॉक्टर म्हणाले.

मी विचारलं, मला का नाही सांगितलं. खरं तर विचारायची गरज नव्हती. माझी आई झोपेतच गेली. मी शेजारच्या खोलीत होते आणि मला काहीही ऐकू आलं नाही. जमलेले लोक म्हणाले, किती सुखाचं मरण, आणि मला एकेकाच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. त्यानंतर कित्येक महिने अंथरुणाला पाठ टेकली की माझी छाती धडधडायची. डोळे मिटले की आपणही उठणार नाही, असं वाटायचं. तेव्हा हेच पत्ते पिसून माझ्यासमोर बसायचे आणि मुद्दाम हरायचे. त्यांना हे सगळं माहीत होतं. मला सांगितलं असतं तर मी पुन्हा झोपले नसते, आणि नाही सांगितलं म्हणून ते झोपले नाहीत.

मी विचारलं, "काल किती वेळा?"

"मोजायचं मी सोडलंय," हे म्हणाले.

उन्हाळ्यापासून मी भीत होते, पण ती भीती यांच्यासाठी होती आणि तिला धरून मी चालत होते, पँटी आत घेत होते, सूप करून घालत होते. आता ती माझ्याकडे वळली आणि मला तिच्याशी काय करायचं ते कळेना. मी माझ्या छातीवर हात ठेवला. छाती वर होत होती, खाली होत होती. इतकी वर्षं मी कधी तिकडे बघितलंही नव्हतं. रोज रात्री मी त्या काठावर जाऊन येत होते आणि सकाळी उठून बटणांची काजं करत होते. आईलाही असंच होत असेल का, हे विचारायला आता कुणी नव्हतं.

मी म्हटलं, उद्याच निघू. हे म्हणाले, वेळ परवाची मिळाली आहे. मी म्हटलं, मग उद्या निघून तिथे जाऊन थांबू, आणि गाडी मी चालवणार. घरगाडी मी कधी चालवलेली नाही. एरवी यांनी यावर तासभर चेष्टा केली असती. आत्ता फक्त हो म्हणाले, आणि टेबलावर कोपर टेकवून, हनुवटी मुठीवर ठेवून बसले. मी नकाशावर रस्ता बघत होते, कुठे वळायचं, कुठे चढ आहे, कुठे मोठ्या गाडीला जागा आहे. काहीतरी विचारायला वर बघितलं तर हे झोपले होते. मान खिडकीच्या पडद्यावर कलली होती, तोंड उघडं होतं. आता सांगून झालं होतं आणि ऐकायला दुसरं कुणीतरी जागं होतं, म्हणून असेल.

मी त्यांच्या अंगावर शाल टाकली आणि समोर येऊन बसले. दुपारची वेळ, गाडीत ऊब होती, माझेही डोळे जड झाले. मान एकदा पुढे गेली तशी मी घाबरून ताठ झाले आणि माझा श्वास क्षणभर थांबला. हे झोपेत दचकले, भुवया आक्रसल्या, हात दारावर टिचकी मारायला उचलावा तसा हलला. म्हणून मी पाठ सरळ केली, डोळे सताड उघडे ठेवले आणि श्वास घ्यायला लागले, एकामागून एक, मोठ्याने, त्यांना झोपेतसुद्धा ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.