अर्ध्या कळपाची डिग्री

मी एक जुना तराजू आहे. पण मित्रांनो, कांदे-बटाट्याचा नव्हे. हा गैरसमज आधीच दूर केलेला बरा. मी काचेच्या पेटीत राहतो. माझी वजनं बोटांनी नाही, चिमट्यानं उचलतात. माझ्यासमोर कुणी शिंकलेलं मला खपत नाही. स्वभावच तसा, काय करणार?

माझा जन्म अंबाल्याचा. तिथल्या कारागिरानं माझी दांडी घासून घासून अशी केली, की पारड्यात केस टाकला तरी काटा हलावा. मग भुशात बसून, रेल्वेचे धक्के खात मी औरंगाबादला आलो. विद्यापीठाच्या फिजिक्स विभागात, वारा लागू नये म्हणून खिडकीपासून लांब, दगडी कट्ट्यावर मला बसवलं. प्रयोगशाळेचे शिपाई काकासाहेब रोज मऊ फडक्यानं माझी काच पुसत. मुलं माझ्यापुढं श्वास रोखून उभी राहत. मला मान होता आणि खरं सांगतो, तो मला आवडायचा.

एका वर्षी एम.एस्सी.ची एक जोडी माझ्या वाट्याला आली. मुंजाबा वेरूळकडच्या मेंढपाळाचा मुलगा आणि मोतीराम इथल्या भीमनगरचा. नामांतराचा लढा तेव्हा चालूच होता. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्या, म्हणून मोतीराम मोर्च्यांत जायचा. मुंजाबा त्यात नसायचा. त्याच्या डोक्याला वेगळाच घोर होता.

सरकारी विद्यापीठाची फी ती केवढी, तिचं काही वाटत नव्हतं. पण मुंजाबा इथं शिकायला आला, म्हणून त्याच्या जागी मेंढरांमागं गडी ठेवावा लागला. खोलीचं भाडं आणि खाणावळ वेगळीच. त्याच्या वडिलांनी, सूर्यभाननी, त्यापायी अर्धा कळप विकला होता. वाळूजला तर नवे कारखाने उभे राहत होते. गावातली त्याच्याच वयाची दहावी झालेली पोरं कंपनीच्या बसनं पाळीला जायची आणि महिन्याला पगार घरी आणायची.

एकदा सूर्यभान स्वतः प्रयोगशाळेत आले. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. माझ्याकडं बघून म्हणाले, "काय मोजतो रे ह्याच्यावर?"

"आबा, चुंबक जवळ आणला की ह्या नळीतल्या भुकटीचं वजन बदलतं. ते मोजतो."

"किती बदलतं?"

"मिलिग्रॅममध्ये. चिमूटभर पण नाय."

सूर्यभान काचेपाशी वाकून म्हणाले, "आन् त्यापायी अर्धा कळप इकला म्या?"

मुंजाबा मान खाली घालून नळी पुसू लागला. मलाही जरा ओशाळल्यासारखं झालं. वास्तविक माझा काय संबंध?

पुढच्या वर्षी आंदोलन पेटलं, विद्यापीठ बंद झालं, परीक्षा लांबली. मुंजाबा वाळूजच्या एका कारखान्यात लागला. पदवीधराला तिथं मशीनवर घेत नव्हते. जास्त शिकलेला टिकत नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून यानं बी.एस्सी. लपवली आणि बारावी सांगितली. काम चांगलं केलं, साहेब खूश झाले. मग नेमकं व्हायचं तेच झालं. कायम करून घ्यायला ज्या सोमवारी बोलावलं, त्याच सोमवारी प्रॅक्टिकलची परीक्षा लागली.

शनिवारी मुंजाबा आणि मोतीराम सरावाला आले होते. मागोमाग सूर्यभान आले.

"कायमची नोकरी सोडतो व्हय रे?"

मुंजाबा वजनं मांडत राहिला. सूर्यभान मोतीरामकडं वळले. "तुमच्यापायीच झालं हे. बंद नसता तर कवाच परीक्षा झाली असती."

मोतीराम शांतपणे म्हणाला, "काका, आम्ही नाव मागतोय, कुणाचं घर नाय मागत. अन् वर्ष माझं बी गेलं. माझी माय बी मी कवा कमावणार, म्हणून वाट बघतीय."

सूर्यभाननी काठी भिंतीला टेकवली. मग मुलाला म्हणाले, "बरं, ही डिग्री झाल्यावर नोकरी कोण देणार तुला?"

"ठाऊक नाय, आबा."

"आन् तरी?"

"तरी परीक्षा देतो. कारखान्यात खोटं सांगून घुसलोय. जन्मभर कुणाला कळंल, म्हणून भीत राहू का?"

सूर्यभान काठी उचलून निघून गेले. सोमवारी मुंजाबाच्या चिमट्यातून वजन दोनदा निसटलं. मी कधी कुणाची बाजू घेत नाही. पण त्या दिवशी ह्या पोराचं नीट व्हावं, असं मला फार वाटलं.

डिग्री मिळाली. नोकरी मात्र मिळाली नाही. दोन वर्षं मुंजाबा एका कॉलेजात तासावर शिकवत होता. कारखान्यातल्या मित्रांना त्याच्याहून जास्त मिळायचं. सूर्यभाननी त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. नंतर वाळूजलाच एका कारखान्याच्या तपासणी विभागात तो लागला, एम.एस्सी. म्हणून, उजळ माथ्यानं. मग पगार वाढत गेला. हे मला मोतीरामच्या बोलण्यातून कळायचं. तो संशोधनासाठी इथंच राहिला होता.

एव्हाना माझे दिवस फिरले होते. विजेवर चालणारा, लाल आकडे दाखवणारा वजनकाटा विभागात आला आणि माझी रवानगी कपाटावर झाली. काचेवर धूळ बसली. एक पारडं टाचण्या ठेवायला ऑफिसात गेलं, ते परत आलं नाही. मित्रांनो, एका पारड्याच्या तराजूला कोण विचारतो? फार वाईट वाटायचं.

नामांतर झालं, त्या जानेवारीत मोतीरामनं सगळ्या विभागाला पेढे वाटले. त्याच जूनमध्ये सूर्यभान पुन्हा आले. बरोबर त्यांची धाकटी मुलगी कस्तुरा होती. तिचं बी.एस्सी. झालं होतं, एम.एस्सी.ला प्रवेश हवा होता. कपाटावरून मला सगळं दिसत होतं.

सूर्यभान मोतीरामला म्हणाले, "मोतीराम, हिला जरा बघ. तू हायस, म्हणून इथंच आणली."

काकासाहेबांना राहवलं नाही. "काय पाव्हणं, मुंजाबाच्या शिक्षणाचं वसूल झालं का?"

"झालं की. औंदा पाडव्याला त्यानं तेवढीच मेंढरं घेऊन दिली."

"मग काय, कळप पुन्हा भरला म्हणा."

"कुठला भरतो," सूर्यभान म्हणाले. "तीच इकून हिची सोय केली."

कस्तुरा खाली बघत पुटपुटली, "मी नाय म्हणत व्हते. ऐकतच नायत."

मित्रांनो, मला जपा, माझी काच पुसा, हे तर मी सांगणारच. म्हातारपणी एवढी हौस चालायची. पण आज घरी गेलात, की एक करा. तुम्हाला शिकवायला कुणी काय विकलं, ते विचारा.