दयमनचे दात

दयमन नाग तेविसाव्या वर्षी ड्यूटीवर असताना सुरुंगाच्या स्फोटात गेला आणि सहा महिन्यांनी त्याला मिशी आली. जिवंतपणी तिच्यासाठी त्याने तेलाच्या कितीतरी बाटल्या ओठावर जिरवल्या होत्या.

ही मिशी सिमेंटची होती. बस्तरच्या त्या भागात शहीद शिपायांचे पुतळे पुनीतकाका करत आणि त्यांच्याकडे साचा एकच: रुंद छाती, झुपकेदार मिशी, करकचून मिटलेले ओठ. चार गावांतले चार शहीद सख्खे भाऊ वाटत. आया खालचं नाव कुणाकडून तरी वाचून घेत आणि मगच रडत.

अनावरण राखीच्या दिवशी होतं. आदल्या सकाळी दयमनची थोरली बहीण चैती पुतळा बघायला आली.

"काका, हा कोण?"

"तुझा भाऊ."

"माझा भाऊ पोट बिघडल्यासारखा कधी उभा राहिला? मिशी काढा. तोंड उघडा. पुढचे दोन दात बाहेर हवेत."

"अगं, शहीद असा खिदळत नाही! ठाणेदारसाहेब मला आत टाकतील."

"मग उद्या मी परक्या पुरुषाला राखी बांधू? गेल्या वर्षी त्याला सुट्टी नव्हती. यंदा उभा सापडलाय, तर तो हा नाही!"

काकांनी छिन्नी उचलली. मिशी लगेच गेली. दातांना अख्खी दुपार लागली. चैती बाजूला बसून होती. "अजून पुढे, काका. सिमेंट वाचवू नका. पेज पिताना वाटीवर वाजायचे ते."

दुसऱ्या दिवशी ठाणेदार तिवारीसाहेबांनी चादर ओढली आणि बँड आपोआप थांबला.

"ही काय थट्टा आहे? शहीद आहे तो!"

"साहेब, ओळखलंत का?" चैतीने विचारलं.

साहेबांनी वर पाहिलं. संचलनात हसतो म्हणून त्यांनी याला किती वेळा मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या होत्या, आणि हा त्या फेऱ्याही हसतच मारायचा.

"ओळखलं," ते म्हणाले. टोपी सरळ केली आणि कडक सॅल्यूट ठोकला. मागच्या रांगेत एक शिपाई फिस्सकन हसला आणि मग त्याला ते हसू आवरेना. डोळ्यांतून पाणी आलं तरी आवरेना. त्याला कोणी फेऱ्या मारायला लावल्या नाहीत.

चैती स्टुलावर चढली. सिमेंटच्या मनगटाला राखी बांधली, टिळा लावला आणि सवयीने हात पुढे केला.

दयमन हसत राहिला.

"दरवर्षी हेच," ती बँडवाल्यांना म्हणाली. "साडी मागितली की नुसते दात दाखवतो."