अर्ध्यावर अडकलेला काटा

मित्रांनो, गाडीत बसलात की तुमची नजर वेग दाखवणाऱ्या मोठ्या तबकडीकडे जाते. तिच्या शेजारी कोपऱ्यात एक छोटी तबकडी असते. तिच्यावर एका टोकाला रिकामी टाकी, दुसऱ्या टोकाला भरलेली आणि मधे एक बारीक नारिंगी काटा. तो काटा म्हणजे मी. माझी गाडी आता पार थकली आहे आणि तिच्याबरोबर मीही.

एका लांबलचक कारखान्यात माझा जन्म झाला. एका बाईने मला चिमट्याने उचलले, आसावर बसवले, हलकी फुंकर मारली आणि वर काच लावली. तिने माझ्याकडे पुन्हा पाहिलेही नाही, कारण तिच्यापुढे माझ्या भावंडांची रांग लागली होती. मग मी एका पांढऱ्या गाडीत आलो. माझे काम अगदी साधे. मागे टाकीत एक डबी पेट्रोलवर तरंगत असते. ती एका दांडीला जोडलेली असते. पेट्रोल वाढले की दांडी वर जाते, कमी झाले की खाली येते आणि ती कुठे आहे हा निरोप तारेतून माझ्यापर्यंत पोचतो. निरोप येईल तसा मी सरकतो. टाकी मी स्वतः कधीही पाहिलेली नाही. हे एवढे ध्यानात ठेवा, कारण पुढे सगळे खापर माझ्याच डोक्यावर फुटले.

गाडी पहिल्या मालकाकडून शिंपीकाकांकडे आली. त्यांच्या घराची पुढची खोली हेच त्यांचे दुकान. खिडकीशी शिलाई मशीन, भिंतीला लावलेल्या दोरीवर टांगलेले अर्धवट सदरे आणि कोपऱ्यात बुटक्या स्टुलावर काज-बटणे करणाऱ्या काकू. गाडी दारासमोरच उभी असे. काका रोज सकाळी कापसाच्या चिंधीने आमची काच पुसत. त्यासाठी वेगळी चिंधी होती. ती दुसऱ्या कामाला वापरली तर त्यांचा पारा चढे.

ते दिवस फार चांगले होते. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली होती. महिन्यातून एकदा दोघे तिच्याकडे जात. निघताना काका चावी फिरवत, मी ऐटीत वर चढत असे आणि काका म्हणत, "चला, याची परवानगी मिळाली." काकू लगेच टोला हाणत. "तुमच्यापेक्षा हा काटा बरा. पोटात काय आहे ते सरळ सांगतो. तुम्हाला चार वेळा विचारावं लागतं, जेवायचंय की नाही!" काका हसत आणि मला उगाचच अंगावर मूठभर मांस चढल्यासारखे वाटे.

मग एका वर्षी मला निरोप नीट येईनासे झाले. कधी निरोप मधेच तुटे, कधी रस्त्यावर खड्डा आला की मी एकदम उडी मारून वर जाई. काका बोटाने काचेवर टकटक करत. "काय रे, झोपलास का?" असे म्हणत आणि गाडी पुढे काढत. त्याच सुमारास काकूंच्या पावलांवर सूज दिसू लागली. चपलेचा पट्टा लागेना म्हणून त्या गाडीत बसल्या की चप्पल काढून ठेवत.

"दाखवायला हवं कुणाला तरी," काका म्हणाले.

"काही नाही हो. दिवसभर पाय मुडपून बसायचं, मग सूज येणारच. आधी शाळांचे गणवेश हातावेगळे करा."

"गणवेश संपले की तुलाही दाखवू आणि या काट्यालाही."

गणवेश संपले. मग पडद्यांचे मोठे काम आले. त्यानंतर आणखी काहीतरी आले. दोघांचेही दाखवणे राहून गेले. काकूंना दवाखान्यात नेले तेव्हा त्यांना चार पावले चालले तरी धाप लागत होती. दोन्ही मूत्रपिंडे जवळजवळ निकामी झाली होती. तेव्हापासून आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झाले. गावाच्या दुसऱ्या टोकाला मोठे इस्पितळ होते. ठरलेल्या वेळी यंत्र काकूंसाठी मोकळे असे. काकू सकाळी आमच्यात बसत आणि दुपारी परतत, तेव्हा त्यांचा चेहरा धुऊन पिळलेल्या कापडासारखा दिसे.

या धावपळीत टाकीतली दांडी गंजून जागच्या जागी घट्ट बसली. मला एकच निरोप येत राहिला, 'अर्धी टाकी'. पेट्रोल भरले तरी अर्धी, संपत आले तरी अर्धी. काका मनातल्या मनात हिशेब ठेवून पेट्रोल भरू लागले. पण ज्याच्या डोक्यात औषधांच्या वेळा आणि रक्ताचे आकडे घोळत असतात, त्याचा हिशेब किती दिवस टिकणार? मागच्या खेपेला नेहमीचा रस्ता बंद होता आणि ते लांबच्या वाटेने घरी आले होते. नेमके तेच ते विसरले.

त्या दिवशी पुलाच्या चढावर गाडीने दोन आचके दिले आणि ती थांबली. मागच्या गाड्या भोंगे वाजवू लागल्या.

"काय झालं हो?" काकूंनी विचारले.

"पेट्रोल संपलं असं वाटतंय."

काकूंनी वाकून माझ्याकडे पाहिले. "अर्धी दाखवतोय की हा!"

"तो काय वाटेल ते दाखवतो," काका म्हणाले. त्यांनी मुठीने काचेवर इतक्या जोरात मारले की माझ्या तबकडीला तडा गेला. तो तडा अजून आहे.

रिकामा डबा घेऊन ते पंपाकडे पळत सुटले. काकू एकट्याच बसून होत्या. ऊन थेट काचेतून आत येत होते. त्यांनी पदराने वारा घ्यायचा प्रयत्न केला, पण हातच उचलवेना. त्या एकदाच पुटपुटल्या, "चुकू नका हो रस्ता." काका घामाने निथळत परत आले. पण इस्पितळात पोचेपर्यंत काकूंची वेळ टळून गेली होती आणि यंत्र दुसऱ्या रुग्णाला लावले होते. उद्या या, असे सांगण्यात आले. त्या रात्री काकूंना आडवे पडता आले नाही. त्यांनी रात्र बसून काढली, हे मला दुसऱ्या दिवशी त्यांच्या बोलण्यावरून कळले.

काका गॅरेजमध्ये गेले. गॅरेजवाल्याने बॉनेटवर हात ठेवून सांगितले, "काका, या गाडीचे भाग आता कुठं मिळतात? काढून टाका ना एकदाची." काका गाडी तशीच घरी घेऊन आले. मुलीने फोनवर एक व्हिडिओ पाठवला होता. असा काटा घरी कसा तपासायचा, हे त्यात दाखवले होते. काका तो पुन्हा पुन्हा पाहत बसले. मुलीने बजावले होते, "बाबा, पेट्रोलचं काम आहे. सगळी दारं उघडी ठेवा. आणि आईला मागं बसवू नका."

सुट्टीच्या दिवशी काकांनी दुकान बंद ठेवले आणि कामाला सुरुवात केली. आधी त्यांनी फ्यूज पाहिला. तो धड होता. मग मागची सीट काढली. तिच्याखाली टाकीकडे जाणाऱ्या तारेचा जोड होता. कापडावर खुणा करायच्या खडूने त्यांनी दोन्ही टोकांवर रेघ ओढली, म्हणजे परत जोडताना उलटसुलट व्हायला नको. काकू माझ्यासमोर चालकाच्या जागेवर बसल्या. त्या जागेवर त्या आयुष्यात पहिल्यांदाच बसत होत्या.

"मी ड्रायव्हर झाले हो!" त्या म्हणाल्या. "कुठं सोडू तुम्हाला?"

"आधी काट्याकडे बघ. तार काढतोय. काय झालं?"

मी धाडकन खाली आलो.

"पडला! एकदम तळाला."

"आता तार पत्र्याला टेकवतो. आता?"

मी सरसर वर चढलो, थेट शेवटच्या रेघेवर.

"वर गेला! अहो, पूर्ण वर गेला!"

काकांनी मागून मान बाहेर काढली. कितीतरी दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर तरतरी दिसत होती. "म्हणजे काटा शाबूत आहे. तारही शाबूत आहे. बिघाड टाकीत आहे."

"मी म्हणत नव्हते? तो बिचारा सरळ आहे. तुम्ही उगाच त्याला ठोसा मारलात."

मित्रांनो, माझ्या बाजूने कुणीतरी बोलले ते एवढेच.

मग काकांनी बॅटरीची तार सोडली आणि टाकीवरचे झाकण उघडले. एकेक स्क्रू बटणांच्या डबीत जपून ठेवला. दांडी बाहेर काढली. ती निम्म्यावरच ताठ उभी होती, सांध्यात गंज आणि चिकट मळ बसला होता. टाकीचे तोंड त्यांनी झाकणाने आणि ओल्या फडक्याने घट्ट बंद केले आणि दांडी बाहेर अंगणात नेली. मशीन साफ करायच्या बारीक ब्रशने त्यांनी सांधा घासला. जिथून निरोप निघतो ती पट्टी खोडरबराने पुसली. दांडी हळूहळू सैल झाली. सगळा वास उडून गेल्यावर त्यांनी बॅटरीची तार परत लावली, एक लांब तार जोडून दांडी हाताने वर-खाली केली आणि काकू समोरून ओरडून सांगू लागल्या, "पाव... अर्धा... पाऊण... पूर्ण! आता उतरतोय, उतरतोय..." त्यांचा आवाज दमत चालला होता, पण त्या थांबेनात.

दांडी परत बसवताना काकूंनी विचारले, "अहो, माझंही असंच उघडून, पुसून बसवता आलं असतं तर?"

काका स्क्रू पिळत राहिले. घट्ट बसलेला स्क्रूसुद्धा ते पुन्हा पुन्हा पिळत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी टाकी काठोकाठ भरली. मी पूर्ण वर पोचलो. काका मला म्हणाले, "शाब्बास." आता पुन्हा कधी चुकायचे नाही, एकही खेप चुकवायची नाही, असे त्यांच्या त्या आवाजात होते.

त्याच दिवशी इस्पितळातून दोघे लवकर बाहेर आले. गाडीत बसल्यावर काकांनी चावी लावली, पण फिरवली नाही.

"हृदय थकलंय म्हणाले," काका बोलू लागले. "यंत्र सोसत नाही म्हणाले. पण एका डॉक्टरच्या म्हणण्यावर जायचं नाही. मोठ्या शहरात दाखवू. टाकी फुल आहे, आज निघालो तर..."

"अहो," काकू म्हणाल्या.

"मुलीकडे एक रात्र थांबू आणि पुढे..."

"अहो, मी दमले. आता मला कुठं नेऊ नका. घरी चला."

काकांनी चावी फिरवली. मी वर चढलो. वाटेत काकूंना झोप लागली, डोके काचेला टेकलेले. एरवी काका गाडी चालवताना पुन्हा पुन्हा त्यांच्याकडे बघत. त्या दिवशी त्यांना तिकडे बघवेना. ते माझ्याकडे बघत राहिले. घर आले तेव्हा मी केसभरही उतरलो नव्हतो.

काकू त्यानंतर आमच्यात बसल्या नाहीत. त्या गेल्या तेव्हा त्यांना न्यायला दुसरी गाडी आली. मी काचेतून तिचा मागचा लाल दिवा वळणापर्यंत पाहिला.

काकांनी मशीनवर चादर टाकली आणि आमच्यावर ताडपत्री. सुरुवातीला ते कधीतरी ताडपत्री उचलून आत येत, चावी फिरवत, मी भरलेली टाकी दाखवली की थोडा वेळ बसून राहत आणि उतरून जात. जायला ठिकाणच उरले नव्हते. मुलगी आली. "बाबा, गाडी विकू या आणि तुम्ही माझ्याकडे चला," ती म्हणाली. काका म्हणाले, "मी येतो. गाडी असू दे."

जाण्याच्या दिवशी ते पुन्हा आत आले. चावी फिरवली. उभ्या उभ्या बॅटरी उतरली होती. मला वीजच मिळेना, मग मी हलणार कसा? तळाशी पडून राहिलो. काका वाकून कितीतरी वेळ बघत होते.

"हेही संपलं," ते म्हणाले.

टाकी भरलेली होती, मित्रांनो. पण ते सांगायला माझ्याकडे काहीच नव्हते. त्यांनी दार लावले ते हळूच, आत कुणी झोपले असावे तसे.

त्यानंतर इकडे कुणी आलेले नाही. ताडपत्री फाटली आहे, चाकांतली हवा जाऊन ती जमिनीत रुतली आहेत, टाकीतले पेट्रोल आंबून गेले असेल. मला कुणी दुरुस्त करील अशी आशा मी धरत नाही. तुम्हालाही खोटा दिलासा देत नाही. काकूंना वेळेवर दाखवले असते तर त्या वाचल्याच असत्या, असे मी म्हणणार नाही. मला ते माहीत नाही. पण एवढे मात्र मागतो. एखाद्या वस्तूचे काही बिनसले असे दिसले, तर तिच्यावर टकटक करून पुढे जाऊ नका. ती उघडून बघा. आणि घरातले माणूस सुजलेले पाय पदराखाली घेऊन 'काही नाही' म्हणाले, तर हातातले काम खाली ठेवा, त्याच्यासमोर बसा आणि त्याच दिवशी पुन्हा विचारा.